नाव नसलेल्या घड्याळाचा पत्ता

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली अशा गावांतल्या जुन्या घरात लोखंडी पेटी रिकामी करायला घेतली की तळाशी एखादं बंद पडलेलं घड्याळ सापडतं. आजोबांचं, मामांचं, कधी पणजोबांचं. तबकडीवर कंपनीचं नाव नसतं. फार तर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘स्विस’ आणि वर ‘१५ ज्वेल्स’, बस्स. मग घरात तर्क सुरू होतात. कुणी म्हणतं इंग्रज साहेबानं बक्षीस दिलं होतं, कुणी म्हणतं रेल्वेचं आहे, कुणी म्हणतं सोन्याचं आहे. यातलं प्रत्येक म्हणणं तपासून पाहता येतं. त्यासाठी एक भिंग, चांगला उजेड, मोबाइलचा कॅमेरा आणि झाकण नीट उघडून देणारा एक जाणकार घड्याळवाला एवढं पुरे.

फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. आपण सवयीनं विचारतो, ‘कोणत्या कंपनीचं?’ जुनं घड्याळ बहुतेक वेळा एका कंपनीचं नसतंच. त्याचं मशीन एकानं बनवलेलं असतं, केस दुसऱ्यानं, तबकडी तिसऱ्यानं. हे सगळं जोडणारा आणखी वेगळा, आणि तबकडीवर नाव घालायचं की नाही हे ठरवणारा पुष्कळदा विकणारा व्यापारी. म्हणून ‘यातला कोणता भाग कुणाचा आणि कधीचा?’ असं विचारावं. या प्रश्नाला बिननावाचं घड्याळही उत्तर देतं.

नाव का नसतं?

स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगराळ भागात घड्याळाचा धंदा वाढला तो कामाच्या वाटणीवर. कच्चं मशीन, म्हणजे पट्ट्या, पूल आणि चाकं यांचा सांगाडा, बनवणारे कारखाने वेगळे होते. त्याला तिथे ‘एबोश’ म्हणतात. फाँतेनमलोंचा एफ.एच.एफ. हा कारखाना १७९३ पासूनचा, तर ग्रेंखेनचा ए. शिल्ड १८९६ पासूनचा. अशा कारखान्यांनी एकत्र येऊन १९२६ मध्ये एबोश एस.ए. ही संस्था उभी केली. त्यांचं मशीन घेऊन शेकडो लहानमोठे जोडणारे आपापली घड्याळं तयार करत. तुमसरच्या एकाच राइस मिलचा तांदूळ दहा व्यापाऱ्यांच्या दहा नावांच्या पोत्यांतून बाजारात जावा, तसाच हा प्रकार. पोत्यावरचं नाव तांदूळ पिकवणाऱ्याचं नसतं आणि तबकडीवरचं नाव पुष्कळदा घड्याळ बनवणाऱ्याचं नसतं.

भारतात ही नावं मुंबई आणि कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी रुजवली. फाव्र-ल्यूबा हे ल लोक्ल गावातलं १७३७ पासूनचं घराणं. १८६५ पासून ते भारताशी व्यापार करू लागलं आणि आपल्याकडे ‘फेवरल्युबा’ म्हणून घराघरांत पोचलं. वेस्ट एंड वॉच कंपनीनं १८८६ पासून मुंबई-कलकत्त्यात जम बसवला. तिची ‘सोवार’ घड्याळं पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिकांच्या खिशात आणि मनगटावर होती. या मोठ्या नावांच्या खालच्या थरात स्वस्त माल होता. त्यावर नाव घालण्याचा खर्च कुणी केलाच नाही, किंवा दूरच्या बाजारातल्या दुकानदाराला हवं ते नाव घालता यावं म्हणून जागा मोकळी सोडली.

तबकडी कोरी असण्याची आणखीही कारणं आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या खिशातल्या घड्याळांत पांढऱ्या मुलाम्याच्या तबकडीवर नाव नसणं ही रीतच होती. नाव असलंच तर आत, मशीनवर. काही वेळा नाव होतं, पण घामानं, दमटपणानं किंवा दुरुस्तीत पुसलं गेलं. आणि काही वेळा तबकडी नंतर कधीतरी पुन्हा रंगवली गेली, तेव्हा रंगाऱ्यानं नाव गाळलं.

भंडाऱ्यात ते आलं कुठून?

झाकण उघडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावं, कारण यंत्र जे सांगत नाही ते त्यांना माहीत असतं. घड्याळ वापरणारा माणूस काय काम करत होता, हे कळलं की पुढचा शोध निम्मा होतो. या जिल्ह्यात घड्याळ येण्याच्या वाटा तशा मोजक्याच होत्या.

पहिली वाट रेल्वेची. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेनं नागपूर-छत्तीसगड हा आधीचा मीटरगेज मार्ग ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला आणि पुढे तो हावड्याला नेऊन जोडला. वरठीचं भंडारा रोड आणि देव्हाडीचं तुमसर रोड ही स्थानकं याच मार्गावरची. गोंदिया जंक्शनही १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर यांचं काम घड्याळावाचून चालत नसे. दुसरी वाट मँगनीजची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तुमसर भागात चिखला, डोंगरी बुजुर्ग अशा खाणी सुरू झाल्या आणि पाळीची वेळ, पगारी मुकादम, कारकून हे सगळं आलं. तिसरी वाट मालगुजारांची. १९५१ मध्ये मालगुजारी संपेपर्यंत मुंबई, नागपूर, कलकत्ता इथून साखळीचं घड्याळ आणणं हे त्या घरांच्या इभ्रतीचं लक्षण होतं. चौथी वाट फौजेची आणि पाचवी लग्नाची. नवरदेवाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ देण्याचा काळ अजून अनेकांना आठवतो. लग्नाची तारीख घरात पक्की माहीत असते, म्हणून घड्याळ ‘त्यानंतरचं नाही’ हेही पक्कं होतं. साठच्या दशकात जवाहरनगरला आयुध निर्माणी आली. तिथून पुढे नोकरीच्या वर्षांची किंवा निवृत्तीची भेट म्हणून घड्याळ मिळण्याची वाटही खुली झाली.

जुने फोटो काढून पाहावेत. लग्नाच्या फोटोत नवरदेवानं मनगट मुद्दाम पुढे ठेवलेलं असतं. त्या फोटोतलं घड्याळ आणि पेटीतलं घड्याळ एकच आहे का, हे केसच्या आकारावरून आणि सेकंद काट्याच्या जागेवरून ताडता येतं.

तबकडी आणि बाहेरचं अंग

खिशातलं घड्याळ असेल तर पहिला प्रश्न: चावी कशी द्यायची? वेगळी किल्ली घालून चावी द्यावी लागत असेल, मागच्या आतल्या झाकणाला त्यासाठी भोक असेल, तर ते घड्याळ बहुधा १८९० च्या आधीचं आहे. डोक्यावरची गोल चावी फिरवून भरण्याची सोय आद्रियाँ फिलिप यानं १८४० च्या दशकात काढली, पण ती सर्रास व्हायला शतकाची शेवटची वीस वर्षं उजाडली. मनगटी घड्याळ असेल तर पट्टा अडकवण्याचे कान पाहावेत. तारेचे वाकवून डाग दिलेले कान पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा काळ सुचवतात. तेव्हा खिशातल्या घड्याळाचीच रचना मनगटावर चढत होती.

तबकडीच्या तळाशी असलेला देशाचा उल्लेख महत्त्वाचा. ब्रिटननं १८८७ मध्ये आणि हिंदुस्थान सरकारनं १८८९ मध्ये मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा केला. त्यानंतर परदेशी मालावर मूळ देश छापणं वाढलं. म्हणून ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ अशी अक्षरं मुळात छापलेली असतील, तर घड्याळ साधारण त्यानंतरचं धरावं. ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना रोमन लिपीतलं टी अक्षर असेल, तर काट्यांवरचं चमकणारं द्रव्य ट्रिटियमचं आहे आणि घड्याळ १९६० च्या दशकातलं किंवा नंतरचं.

चमकण्यावरून एक सावधगिरी. १९१० च्या सुमारापासून साठच्या दशकापर्यंत काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम मिसळलेला रंग लावत. आज तो अंधारात चमकत नाही, कारण त्यातलं जस्ताचं संयुग केव्हाच थकलं. रेडियम मात्र तसंच आहे, ते निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. असा पिवळट, तपकिरी, भुगा होत आलेला रंग दिसला तर तो खरवडू नये, काच काढून फुंकर मारू नये, लहान मुलांच्या हाती घड्याळ देऊ नये. बंद केसमध्ये ते डबीत ठेवलं तर भीतीचं कारण नाही. धूळ श्वासात गेली तर मात्र आहे.

आता फसवणारे शब्द. तबकडीवर किंवा आतल्या झाकणावर दिसणारे पुष्कळ शब्द कंपनीची नावं वाटतात, पण ती मशीनची वर्णनं असतात. ए-एन-सी-आर-ई अशी अक्षरं असतील तर तो ‘आंक्र’, म्हणजे लिव्हर पद्धतीचं मशीन. ‘सिलेंद्र’ ही त्याआधीची, स्वस्त पद्धत. ‘रमोंत्वार’ म्हणजे किल्लीशिवाय चावी देता येणारं. ‘रुबी’ किंवा ‘ज्वेल्स’ म्हणजे आसांखाली बसवलेले माणकाचे खडे. ते बहुतेक कृत्रिम असतात आणि त्यांची किंमत नगण्य असते, पंधरा माणकं ऐकून डोळे विस्फारू नयेत. ‘ब्रव्हे’ म्हणजे पेटंट. ‘इन्काब्लॉक’ ही धक्का सोसण्याची योजना, ‘अँटिमॅग्नेटिक’ हा गुण. ‘इन्काब्लॉक कंपनीचं घड्याळ आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तशी घड्याळाची कंपनी नाही.

झाकणावर काय कोरलंय?

मागच्या झाकणावर इंजिनाचं चित्र असलं की घरातले ठामपणे सांगतात, हे रेल्वेचं. इथे थांबून विचार करायला हवा. ला शो-द-फाँ गावच्या जॉर्ज-फ्रेडरिक रॉस्कॉफ यानं १८६७ च्या सुमारास कामगाराला परवडेल असं वीस फ्रँकचं घड्याळ बाजारात आणलं. चाकं कमी, रचना साधी, माणकांऐवजी पोलादी खिळे. त्याचं इतकं अनुकरण झालं की ‘सिस्टिम रॉस्कॉफ’ लिहिलेली घड्याळं जगभर पसरली, आणि मजबुतीची जाहिरात म्हणून त्यांच्या पाठीवर इंजिनं कोरली गेली. ‘रेल्वे टाइमकीपर’ असे शब्दही त्याच जाहिरातीतले. रेल्वेच्या मालकीचं घड्याळ वेगळं दिसतं. त्यावर चित्राऐवजी रेल्वेची आद्याक्षरं आणि नोंदणीचा क्रमांक असतो. बी.एन.आर. आणि त्याखाली आकडा असेल, तर कुटुंबाची आठवण यंत्रानंच खरी ठरवली असं म्हणता येईल. नुसतं इंजिन असेल तर आजोबांनी ते बाजारातून विकत घेतलेलं असण्याचाच संभव जास्त. पाठीवर रुंद बाणाची खूण असेल तर ते ब्रिटिश सरकारी मालमत्तेचं चिन्ह. बाणासोबत जी.एस.टी.पी. ही अक्षरं असतील तर दुसऱ्या महायुद्धातलं फौजी खिशातलं घड्याळ.

झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला धातूची ओळख पटते. स्वित्झर्लंडनं १८८० मध्ये सोन्याचांदीच्या शुद्धतेचा कायदा केला. त्यानंतर ०.८०० चांदीवर रानकोंबड्याची, ०.८७५ आणि ०.९३५ चांदीवर अस्वलाची मुद्रा बसू लागली. अठरा कॅरेट सोन्यावर हेल्व्हेशिया या स्त्रीचं मस्तक, चौदा कॅरेटवर खार. असं काहीच नसेल आणि ‘निकेल’, ‘अल्पाका’, ‘सिल्व्हरॉइड’ असे शब्द असतील तर तो जर्मन सिल्व्हर: तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण, चांदी शून्य. पितळेसाठी नाव असलेल्या भंडाऱ्यात हे ओळखणारे डोळे अजून आहेत. केसच्या कानांजवळ, जिथे पट्टा घासतो तिथे, सोनेरी थर झिजून खालचा पितळी रंग दिसत असेल तर भांडी घडवणारा कारागीर नुसतं पाहून सांगतो. ‘२० मायक्रॉन’ असा उल्लेख म्हणजे मुलामा. अमेरिकन केसवर ‘वॉरंटेड २० इयर्स’ असं असतं, ती हमी मशीनची नसून सोन्याचा पत्रा वीस वर्षं झिजणार नाही याची असते. ही पद्धत अमेरिकेत १९२४ मध्ये बंद करवली गेली, म्हणून असा शिक्का असलेली केस त्याआधीची.

आतल्या दुसऱ्या झाकणावर सी-यू-आय-व्ही-आर-ई अशी अक्षरं असतील तर तो फ्रेंच शब्द ‘क्विव्र’, म्हणजे तांबं. बाहेरची केस चांदीची असली तरी हे झाकण तांब्याच्या मिश्रधातूचं आहे, अशी प्रामाणिक कबुली. तिथेच पुष्कळदा प्रदर्शनांची पदकं कोरलेली असतात: पॅरिस १९००, मिलान १९०६, बर्न १९१४. ही वर्षं घड्याळाची जन्मतारीख नव्हेत. त्यांतलं शेवटचं वर्ष एवढंच सांगतं की घड्याळ त्याच्या आधीचं असू शकत नाही.

झाकणाच्या आत सुईनं ओरखडलेली बारीक अक्षरं आणि आकडे दिसले तर त्यांचे फोटो जरूर काढावेत. घड्याळ दुरुस्त करणारे आपल्या कामाची खूण अशी ठेवत: एखादा क्रमांक, आद्याक्षरं, कधी पूर्ण तारीख. बनवणाऱ्याचं नाव त्यातून कळत नाही, पण घड्याळ अमुक वर्षी चालू होतं आणि दुरुस्तीला टाकण्याइतकं घरात मोलाचं होतं, हे कळतं.

केसवरचा लांबलचक क्रमांक मात्र जपून वापरावा. तो सहसा केस बनवणाऱ्याचा असतो. वॉल्थम किंवा एल्जिन या अमेरिकन कंपन्यांच्या क्रमांकांवरून वर्ष काढण्याचे तक्ते प्रसिद्ध आहेत, पण ते मशीनवरच्या क्रमांकासाठी. केसवरचा क्रमांक त्या तक्त्यात घातला तर साफ चुकीचं वर्ष निघतं. ‘कीस्टोन’ असं कोरलेलं असतं तेही केसच्या कारखान्याचं नाव असतं.

मशीन काय सांगतं?

खरा पत्ता इथे लागतो, आणि नुकसानही इथेच होतं. स्वयंपाकघरातली सुरी घालून झाकण उचकटू नये. काही झाकणं खटक्यानं उघडतात, काही आट्यांची असतात, काहींत मशीन समोरच्या काचेच्या बाजूनं निघतं. घड्याळवाल्याकडे त्याची हत्यारं असतात. त्याच्याकडून झाकण उघडून घ्यावं, मशीनचा सरळ वरून एक फोटो काढावा, आणि मागे-पुढे फिरणाऱ्या बॅलन्स चाकाजवळचा एक अगदी जवळून. ‘आधी चालू करून पाहू’ म्हणून चावी देत बसू नये. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं तेल घट्ट झालेलं असतं, त्यात आस फिरले की झिजतात.

बॅलन्सच्या आसपास, कधी त्याच्या खाली, कच्चं मशीन बनवणाऱ्याची खूण असते. ढालीत ए आणि एस ही अक्षरं असतील तर ए. शिल्ड. ढालीत ई, टी, ए असतील तर एटा. त्याशेजारी तीन-चार आकडी क्रमांक असतो, तो कॅलिबर, म्हणजे मशीनच्या नमुन्याचा नंबर. खूण सापडलीच नाही तर मशीनचा व्यास मोजावा. स्विस कारागीर तो ‘लीन्य’ या जुन्या फ्रेंच मापात मोजतात आणि एक लीन्य म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर. व्यास कळला आणि तबकडीखालच्या चावीच्या पट्टीचा आकार कळला की नमुना ठरतो, कारण प्रत्येक कारखान्यानं ही पट्टी वेगळ्या आकाराची ठेवली होती. अमेरिकेतला बेस्टफिट आणि जर्मनीतला फ्लूमे हे दुरुस्तीच्या भागांचे जाड कॅटलॉग याच आकारांच्या चित्रांनी भरलेले आहेत. दुकानदाराला सुटा भाग मागवता यावा म्हणून ते छापले गेले, आणि आज ओळख पटवण्यासाठी त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं साधन नाही.

काळ ठरवायला आणखी खुणा आहेत. बॅलन्स चाकाची कड दोन ठिकाणी चिरलेली असेल आणि ती आतून पोलाद, बाहेरून पितळ अशी दुहेरी असेल, तर ती तापमानातला फरक भरून काढण्याची जुनी रीत. शार्ल एदुआर गियोम यानं निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले, त्यासाठी त्याला १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. त्या धातूंपासून स्प्रिंगा होऊ लागल्यावर चिरलेल्या चाकाची गरज हळूहळू संपली आणि साधं अखंड चाक आलं. बॅलन्सच्या मधोमध माणकावर ‘लायर’ या तंतुवाद्याच्या आकाराची चिमुकली स्प्रिंग असेल तर ती इन्काब्लॉक, म्हणजे घड्याळ १९३४ च्या आधीचं नाही. उलटा तर्क मात्र चालत नाही. स्वस्त घड्याळांत ही सोय पुढेही कितीतरी वर्षं नव्हती, त्यामुळे ती नाही म्हणून घड्याळ जुनं असं ठरत नाही.

वेग कमी-जास्त करण्याच्या काट्याजवळची अक्षरंही वाचावीत. एफ आणि एस म्हणजे इंग्रजीतलं फास्ट आणि स्लो, ए आणि आर म्हणजे फ्रेंचमधलं आव्हाँस आणि रतार. इंग्रजी अक्षरं असतील तर माल इंग्रजी जाणणाऱ्या बाजारासाठी बनला होता, इतकं म्हणता येतं.

आणि आत स्विस काहीच निघालं नाही तर निराश होण्याचं कारण नाही. ‘पॅराशॉक’ हा शब्द दिसला, मशीनवर एचएमटी आणि ०२३१ असा नंबर निघाला, तर घड्याळ आपल्याच देशातलं. हिंदुस्थान मशीन टूल्सनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, जवान, सोना, कांचन ही नावं दोन पिढ्यांच्या मनगटावर होती. जनताची देवनागरी तबकडी आज संग्राहक शोधत फिरतात. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. पुसट तबकडीचं एचएमटी ओळखायला मशीनवर एक नजर पुरते, आणि पाठीवर संस्थेचं नाव, सेवेची वर्षं, तारीख कोरलेली असेल तर त्याची जन्मकुंडलीच हाती लागते.

एक उदाहरण मांडून पाहू

समजा, साकोलीच्या एका घरात मनगटी घड्याळ निघालं. तबकडी कोरी, फक्त ‘१५ ज्वेल्स’ आणि ‘स्विस’. सेकंदाचा छोटा काटा सहाच्या जागी. पाठीवर फ्रेंचमध्ये ‘झाकण स्टेनलेस स्टीलचं’ अशा अर्थाचे शब्द, पुढची केस पिवळी आणि कानांजवळ पितळ उघडं पडलेलं. घरातली आठवण अशी की पणजोबांनी ते १९१५ मध्ये कलकत्त्याहून आणलं.

झाकण उघडल्यावर ढालीत ए-एस आणि ११३० हा नंबर दिसतो. व्यास सुमारे २९ मिलिमीटर. हे ए. शिल्डचं १९३० आणि १९४० च्या दशकांत अफाट खपलेलं मशीन. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यासाठी घेतलेल्या कितीतरी घड्याळांत हेच होतं, आणि तटस्थ स्वित्झर्लंडमधून तेच जगभरच्या बाजारांतही जात होतं. म्हणजे १९१५ ही तारीख टिकत नाही. पण आजोबांचं लग्न १९४८ मध्ये झालं आणि त्यांच्या फोटोत हेच घड्याळ दिसतं, तर सगळं जुळतं. पणजोबांचं घड्याळ वेगळं असावं आणि दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या असाव्यात. घरातली गोष्ट खोटी ठरली असं नाही, ती दुसऱ्या वस्तूबद्दलची होती.

यातून हाती काय आलं? मशीन कुणाचं हे नक्की. केस मुलाम्याची हे नक्की. काळ तीसच्या दशकाच्या मध्यापासून १९४८ पर्यंत. जोडणारा आणि विकणारा अज्ञात, आणि बहुधा अज्ञातच राहणार. चांगल्या ओळखीत या तिन्ही पायऱ्या वेगळ्या दाखवलेल्या असतात: नक्की काय, संभव काय, आणि कशाचा माग लागत नाही.

किंमत, कायदा आणि काळजी

बिननावाच्या घड्याळाला बाजारात फारशी किंमत येत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. अपवाद सोन्याच्या केसचा, फौजी किंवा रेल्वेच्या खुणांचा, आणि आत एखादं नामांकित मशीन निघाल्याचा. बाकी किंमत येते ती वापरणाऱ्याच्या नावाला, तेही कागदोपत्री सिद्ध झालं तर. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींचं झेनिथचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि थाळी यांचा एकत्र लिलाव झाला, तेव्हा विजय मल्ल्यांनी १८ लाख डॉलरची बोली लावून त्या वस्तू घेतल्या. तसंच झेनिथ मालकाच्या नावाशिवाय विकायला काढलं तर त्या रकमेचा लहानसा अंशही मिळणार नाही.

म्हणून बाजारातल्या चकचकीत तबकड्यांपासून सावध राहावं. मुंबईत जुनी मशीनं घेऊन, तबकड्या नव्यानं रंगवून, त्यांवर मोठी नावं छापून विकण्याचा धंदा चांगलाच चालतो, आणि परदेशातले संग्राहकही त्याला ओळखून आहेत. जुन्या ओरखडलेल्या केसमध्ये लखलखीत तबकडी, वाकडी अक्षरं, छोट्या सेकंद काट्याच्या मध्यापासून सरकलेलं वर्तुळ, तळाची ‘स्विस’ अक्षरं कापली गेलेली, ही त्याची लक्षणं. आपल्या घरचं घड्याळ ‘नव्यासारखं करून देतो’ म्हणणाऱ्यालाही नकार द्यावा. केस घासून पॉलिश केली की शिक्के पुसतात, तबकडी रंगवली की मूळ अक्षरं जातात, आणि मग कुणालाच काही सांगता येत नाही. सफाई आणि तेल-पाणी एवढंच करून घ्यावं, बदललेला जुना भाग मागून घेऊन पुडीत ठेवावा.

परदेशातल्या भावाला किंवा लेकीला घड्याळ पाठवायचं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आठवावा. ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाच्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. साध्या घड्याळाबद्दल शंका नको असेल तर ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येतो. किल्लीनं चावी द्यायच्या घड्याळाबाबत ही चौकशी जरूर करावी.

शेवटचं काम कागदाचं. फोटोंच्या प्रती काढाव्यात आणि एका कागदावर लिहावं: मशीनवरची खूण आणि नंबर, केसवरचे शिक्के, मोजलेला व्यास, कुणी वापरलं, ते कुठे नोकरीला होते, ही माहिती कुणी आणि कधी सांगितली. नक्की गोष्टी आणि ऐकीव गोष्टी वेगळ्या रकान्यांत असाव्यात. कागद घड्याळाच्याच डबीत ठेवावा. मशीनवरचा नंबर पन्नास वर्षांनीही तिथेच असेल आणि कुणालाही वाचता येईल. ते घड्याळ वरठीच्या फलाटावर चालायचं की चिखल्याच्या खाणीत, हे सांगू शकणारी आजी मात्र तोवर नसेल, म्हणून घड्याळवाल्याकडे जाण्याआधी तिच्याजवळ बसून हा दुसरा रकाना भरून घ्यावा.